समुद्रकाठचा कातळ कसा झिजतो : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळा-कॉलेजांच्या अभ्याससहली दिवाळीनंतर कोकणात निघतात. किनाऱ्यावर पोहोचल्यावर बहुतेक वेळ वाळूत जातो आणि कातळ नुसता फोटोपुरता उरतो. खरी शिकण्याची जागा कातळच आहे. शिक्षक, विद्यार्थी आणि हौशी प्रवासी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे आहेत.

विदारण आणि क्षरण यांत नेमका फरक काय?

विदारण म्हणजे खडक जागच्या जागी कमकुवत होणे : कुजणे, तडकणे, भुसभुशीत होणे. क्षरण म्हणजे पाण्याने, वाऱ्याने तो खरवडून किंवा उचलून दुसरीकडे नेणे. पुस्तकात ही दोन वेगळी प्रकरणे असतात. किनाऱ्यावर मात्र दोन्ही कामे हातभर जागेत एकाच वेळी चालतात, आणि क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. विदारण आधी, लाट नंतर. ताज्या, भेग नसलेल्या काळ्या पाषाणावर लाट वर्षानुवर्षे आपटली तरी फारसे काही निघत नाही. तोच पाषाण मिठाने आणि हवेने सैल झाला की एका वादळात त्याचा मोठा ठोकळा निघून जातो. म्हणून कातळासमोर उभे राहिल्यावर आधी भेगा शोधा आणि ओल कुठपर्यंत आहे ते पाहा. लाट किती उंच उडते, ते त्यानंतर.

आमच्याकडे समुद्र नाही. मग खानदेशात बसून यातले काही शिकता येते का?

निम्मे येते, आणि तेच निम्मे अवघड असते. तापीच्या गाळपट्टीपासून दूर, सातपुड्याच्या किंवा सातमाळ्याच्या पायथ्याकडची एखादी न बांधलेली विहीर पाहा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग गोट्यांचा थर आणि सगळ्यांत खाली कठीण काळा खडक. ही एकाच दगडाच्या कुजण्याची चार रूपे आहेत. बेसाल्टमधली, म्हणजे या काळ्या खडकातली, फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे पाण्याने बदलून त्यांची चिकणमाती होते. तीच माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. दगडातले लोह भस्मीकरणाने, म्हणजे गंजून, तांबूस-पिवळे होते, मुरमाला रंग येतो तो त्यामुळे.

गोट्यांच्या थरापाशी जरा थांबा. गोटा हाताने दाबला तर त्याचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात आणि आत काळा, ताजा गाभा निघतो. गोटा मुळात गोल नव्हता, तो भेगांनी तुटलेला चौकोनी ठोकळा होता. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी पोहोचते, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाट अंगावर एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी कुजतात आणि ठोकळा गोल होत जातो. किनाऱ्यावरच्या कातळाची कडा गोलसर का असते, याचे अर्धे उत्तर हेच आहे. उरलेले अर्धे लाटेबरोबर आपटणाऱ्या वाळू-गोट्यांचे.

अजिंठ्याला गेलात तर वाघोरा नदीचा सातकुंडाचा धबधबाही पाहा. लाव्ह्याचे थर एकावर एक आहेत. कठीण थर पायरी म्हणून टिकतो, मऊ थर आत खचतो. समुद्रकड्यातही हीच कथा असते, फक्त पाणी वरून न येता समोरून येते.

हरिहरेश्वरचा दगड आणि आमच्या विहिरीतला दगड एकच का?

जातीने एकच, दख्खनचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या उद्रेकांतून तो थरांवर थर असा साचला आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे.

पण सगळे थर सारखे नसतात, हे विहीर खोदणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. घट्ट काळा पाषाण सुरुंगाशिवाय निघत नाही. मांजऱ्या खडक वायूच्या पोकळ्यांनी भरलेला आणि फोडायला मऊ असतो. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबडा, गेरूसारखा पट्टा लागतो. समुद्रकड्याच्या पायथ्याशी यांतला कोणता थर आला, यावर कड्याचा आकार ठरतो. मांजऱ्या किंवा तांबडा थर भरतीच्या रेषेत आला की तिथे खाच पडते. तिथे घट्ट पाषाण असेल तर कडा सरळ उभा राहतो.

आणखी एक दुवा आहे : डाइक. जुन्या खडकाच्या लांब भेगेत लाव्हा घुसून थिजला की उभी भिंत तयार होते. नंदुरबार-धुळे पट्टा अशा पूर्व-पश्चिम भिंतींसाठी भूशास्त्रात प्रसिद्ध आहे. साक्री-धुळे-पारोळा रेषेतली एक भिंत तर सुमारे ७९ किलोमीटर लांब आहे. माळरानावर दिसणाऱ्या अरुंद, सरळसोट टेकड्यांच्या रांगा बऱ्याचदा याच असतात. भोवतालचा खडक झिजला आणि भिंत उरली. कोकणच्या किनाऱ्यावरही डाइक आहेत. तिथे दोन्ही प्रकार घडू शकतात. डाइक भोवतीपेक्षा टणक असेल तर बांधासारखा पुढे येतो. तोच आडव्या भेगांनी फार तुटलेला असेल तर समुद्र आधी त्यालाच उपसतो आणि कातळात अरुंद गल्ली पडते.

नंदुरबारहून सुरत जवळ. मग तिथल्या डुमसच्या किनाऱ्यावर जाऊन चालणार नाही का?

कातळ पाहायचा असेल तर नाही. तापी तिथेच खंबातच्या आखाताला मिळते आणि तिच्या मुखाशी गाळ, चिखल आणि काळसर वाळू आहे. तो काळा रंग बराचसा लोहयुक्त खनिजांचा, म्हणजे आपल्याच बेसाल्टच्या झिजेचा. सातपुड्यावर आणि खानदेशच्या डोंगरांवर विदारण झाले, ७२४ किलोमीटरच्या तापीने तो माल वाहून नेला आणि मुखाशी टाकला. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणात आता त्यातला पुष्कळ गाळ अडतो. झिजलेला खडक शेवटी कुठे जातो हे समजून घ्यायला डुमस चांगले, खडक झिजताना पाहायला कोकण. रेल्वेने मुंबईला उतरून वांद्र्याच्या बँडस्टँडवर ओहोटीचा कातळ पाहता येतो. हरिहरेश्वर लांब पडते, पण एवढ्या थोड्या जागेत इतके प्रकार मिळतात की तो प्रवास वाया जात नाही.

पाण्याने दगड फुटतो तो कसा? पाणी तर मऊ.

लाट चार वेगळ्या पद्धतींनी काम करते आणि प्रत्येकीची खूण कातळावर वेगळी उमटते.

पहिली म्हणजे दाबाची. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन एक टनाहून थोडे जास्त भरते. लाट कड्यावर फुटताना भेगेतली हवा क्षणात दाबली जाते, आणि लाट मागे हटताच ती हवा एकदम सुटते. दर काही सेकंदांनी हे घडते. भेग रुंदावते, लांबते, दुसऱ्या भेगेला मिळते, आणि तिन्ही बाजूंनी सुटा झालेला ठोकळा एखाद्या वादळात उचलला जातो. बेसाल्टच्या किनाऱ्यावर सर्वांत मोठे काम हेच. याची खूण म्हणजे कातळात काटकोनी कडांची ताजी, काळी खोबण, जिथे शेवाळही अजून धरलेले नसते.

दुसरी घासण्याची. लाटेबरोबर वाळू आणि गोटे येऊन आपटतात, त्याने कातळ गुळगुळीत होतो. पण यासाठी गोटे हवेत. ज्या कड्याच्या पायथ्याशी नुसते खोल पाणी आहे, तिथे घासणे जवळजवळ शून्य असते. उलट पायथ्याशी वाळूचा जाड थर साचला तर तोच कड्याचे संरक्षण करतो. म्हणजे थोडी वाळू झीज वाढवते आणि फार वाळू ती थांबवते.

तिसरी म्हणजे गोट्यांचे एकमेकांवर घासणे. त्याने कडा झिजत नाही, हत्यारे तेवढी गोल आणि लहान होतात. चौथी विरघळवण्याची. चुनखडकाच्या किनाऱ्यावर ती महत्त्वाची, बेसाल्टवर फारच मंद.

मिठाचे काम काय? मीठ तर पाण्यात विरघळलेले असते.

विरघळलेले असते तोवर निरुपद्रवी असते. अडचण वाळल्यावर सुरू होते. एक लिटर समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीत अर्ध्या किलोहून थोडे जास्त. हे पाणी तुषारांनी कातळाच्या बारीक छिद्रांत शिरते आणि उन्हाने वाळते. आत स्फटिक वाढू लागतात. वाढणारा स्फटिक छिद्राच्या भिंतीवर दाब देतो, कण सुटतात आणि दगडाचा पृष्ठभाग साखरेच्या दाण्यांसारखा गळू लागतो.

ही गोष्ट खानदेशातल्या घरांना नवी नाही. जुन्या भिंतीला खालून लोणा लागतो, पांढरी पूड येते, गिलावा फुगून गळतो. जमिनीतले क्षार ओलीबरोबर वर चढतात आणि वाळण्याच्या रेषेत स्फटिक बनतात. कातळावर हेच होते, फक्त क्षार समुद्रातून येतात.

सर्वांत जास्त नुकसान पाण्यात बुडालेल्या भागात होत नाही. तो कधी वाळतच नाही. नुकसान होते भरतीच्या रेषेच्या थोडे वर, जिथे तुषार पोहोचतात आणि ऊनही लागते. मुरूडजवळचा पद्मदुर्ग याचा उत्तम पुरावा आहे. शिवकालातल्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या त्या तटबंदीत कित्येक ठिकाणी दगड आत खोल झिजला आहे आणि दोन दगडांमधला चुना मात्र जाळीसारखा पुढे उरला आहे. बांधकामाचा काळ ठाऊक असल्याने तो तट झिजेचे घड्याळ म्हणून वाचता येतो. चुना उरला त्या पातळीपासून दगडाची आजची पाठ किती आत गेली ते मोजा. तेवढी झीज साधारण साडेतीनशे वर्षांची.

कातळावर इतकी छिद्रे असतात. ती सगळी लाटेने पडतात का?

नाही, आणि इथेच सर्वाधिक गफलत होते. छिद्रे किमान चार जातींची असतात.

वायूची छिद्रे लाव्हा थिजतानाच तयार झालेली असतात. ओळखायची सोपी खूण : दगड फुटलेला असेल तिथे आतल्या ताज्या भागातही ती असतात. त्यांत बऱ्याचदा पांढरी खनिजे भरलेली असतात : झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी. जळगाव जिल्ह्यात सावद्याकडच्या खाणींतले झिओलाइटचे स्फटिक संग्राहकांमध्ये नावाजलेले आहेत, ते अशाच पोकळ्यांतले. किनाऱ्यावर यातली झिओलाइट-कॅल्साइटची मऊ भरण आधी निघून जाते आणि रिकामी पोकळी उरते.

मिठाची जाळी फक्त वरच्या पृष्ठभागावर असते. खळगे काही सेंटिमीटरचे, एकमेकांना चिकटून, मधल्या भिंती पातळ. बोट फिरवले की कण हाताला लागतात. जागा बहुधा भरतीच्या रेषेच्या वरची.

रांजणखळगे सपाट कातळात असतात, तोंडाने गोल आणि खाली खोल. तळाशी गोटे किंवा वाळू सापडते. पाण्याच्या भोवऱ्यात तेच गोटे फिरून खळगा खोदतात. निघोजला कुकडीच्या पात्रात जे प्रचंड रांजणखळगे आहेत, त्यांची रीत हीच, पण तिथे नदी होती.

चौथी जात प्राण्यांची. काही शिंपले खडक पोखरून आत राहतात. त्यांच्या बिळाचे तोंड लहान आणि आतला भाग रुंद असतो. घट्ट बेसाल्टमध्ये अशी बिळे सहसा मिळत नाहीत, चुनखडकात आणि मऊ थरांत मिळतात.

एकाच छिद्रात दोन-तीन जाती मिसळलेल्या असू शकतात. वायूच्या पोकळीपासून सुरुवात होते, मीठ ती मोठी करते, पुढे गोटा सापडला की रांजणखळगा होतो. वहीत "छिद्रे" एवढेच न लिहिता कुठल्या जातीची आणि भरतीच्या रेषेपासून किती उंचीवर, ते लिहा.

कड्यासमोरचा कातळ इतका सपाट कसा?

याला पुस्तकात तरंगघर्षित मंच म्हणतात. नेहमीचे स्पष्टीकरण असे : लाट कड्याच्या पायथ्याशी खाच पाडते, वरचा भाग आधार सुटल्यामुळे कोसळतो, कोसळलेले तुकडे समुद्र वाहून नेतो, कडा मागे सरकतो आणि त्याचा पायथा मंच म्हणून उरतो. हे बरोबर आहे, पण तेवढ्याने मंचाची पातळी इतकी सारखी का, हे कळत नाही.

त्यासाठी ओहोटीनंतर मंचावर साचलेली डबकी पाहा. डबक्याच्या काठाचा खडक दिवसातून दोनदा भिजतो आणि दोनदा वाळतो. तळाचा खडक सतत ओला राहतो. त्यामुळे काठ वेगाने कुजतो, तळ मागे राहतो. डबकी आडवी पसरत जातात, एकमेकांना मिळतात आणि उंचवटे नाहीसे होतात. खडक जिथे कायम ओला राहतो तिथे हे काम मंदावते, म्हणून सपाटीला एक खालची मर्यादा येते. नावात "तरंग" आहे, पण सपाट करण्याचे बरेचसे श्रेय या वाळण्या-भिजण्याला द्यायला हवे. मालाची वाहतूक मात्र लाटच करते. ती नसती तर मंच स्वतःच्याच भुग्याखाली गाडला गेला असता.

हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर हे सगळे एका दमात दिसते. कातळातल्या अरुंद खिंडीतून पायऱ्यांनी उतरायचे की समोर मंच, मागे कडा आणि कड्यावर जाळीदार खळगे.

गुहा, कमान, स्तंभ, खुंट ही साखळी प्रत्येक भूशिरावर दिसते का?

परीक्षेत क्रम बरोबर आहे : भेग, गुहा, दोन बाजूंच्या गुहा मिळून कमान, छत कोसळून स्तंभ, शेवटी खुंट. प्रत्यक्षात ही साखळी कुठेही तुटू शकते. छत टिकायला खडकात भेगा दूर दूर हव्यात. जवळजवळ उभ्या भेगा असलेल्या थरात गुहा पडते आणि छत लगेच खाली येते, म्हणून कमान न होता थेट उघडी गल्ली तयार होते. कोकणात कमान सापडली नाही म्हणून सहल फसली असे समजू नका.

कमानी आणि स्तंभ टिकाऊ नसतात, हे अलीकडच्या काळात तीनदा दिसले. ऑस्ट्रेलियातल्या "बारा प्रेषित" या चुनखडकाच्या स्तंभांपैकी एक जुलै २००५ मध्ये कोसळला. माल्टाची "निळी खिडकी" ८ मार्च २०१७ च्या वादळात पडली. गॅलापागोसमधली डार्विनची कमान १७ मे २०२१ रोजी कोसळली आणि दोन स्तंभ मागे राहिले. ती ज्वालामुखीच्या खडकाची होती, म्हणजे दगड कठीण असला तरी छत पडायचे थांबत नाही. आपल्या देशात अंदमानच्या शहीद द्वीपावर प्रवाळखडकाची कमान पाहता येते.

भूशिर झिजते आणि शेजारच्या उपसागरात वाळू साचते, असे का?

समुद्र उथळ होतो तिथे लाटेचा वेग कमी होतो. भूशिरासमोर तळ आधी वर येतो, म्हणून लाटेचा तेवढा भाग मागे राहतो आणि बाजूचे भाग पुढे जातात. लाटेची रेघ भूशिराभोवती वळते आणि तिची शक्ती भूशिरावर एकवटते. उपसागरात तीच शक्ती रुंद काठावर पसरते, पाणी सुस्तावते आणि हातातला माल टाकते. उंच जागेवरून लाटांच्या पांढऱ्या रेघांचा फोटो काढा, वळण स्पष्ट दिसते.

रत्नागिरीकडचे तांबडे कडे वेगळे का दिसतात?

तो जांभा. उष्ण, पावसाळी हवामानात बेसाल्टचे टोकाचे रासायनिक विदारण झाले, सिलिका आणि चुना धुऊन गेला, लोह व ॲल्युमिनियमची संयुगे उरली. खानदेशच्या मैदानात वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, कोकणात अडीच ते साडेतीन हजार. काळी माती इकडे आणि जांभा तिकडे, यामागे हा फरक मोठा आहे.

जांभ्याचा वरचा थर उघड्यावर कडक होतो, खालची चिकणमाती मऊच राहते. पावसाचे पाणी वरून झिरपते, मऊ थर निसटतो आणि वरचे मोठे ठोकळे सुटून खाली येतात. म्हणजे जांभ्याच्या कड्याला लाटेइतकाच, कधी लाटेपेक्षाही जास्त, धोका पावसाचा. जांभ्याच्या कड्याखाली डबा खायला बसू नका, विशेषतः पावसाळ्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत.

पुस्तकात गोठण-वितळण आहे. ते इथे लागू होते का?

कोकण किनाऱ्यावर पाणी गोठत नाही, त्यामुळे नाही. उत्तरात हिमाचे विदारण लिहायचे असेल तर हिमालयाचे उदाहरण द्या, हरिहरेश्वराचे नको.

प्राणी-वनस्पती खडक फोडतात का?

थोडे फोडतात, थोडे वाचवतात. गोगलगाई खडकावरचे शेवाळ खरवडताना दगडाचे कणही काढतात. निळे-हिरवे शेवाळ बारीक छिद्रांत शिरते. उलट कालवांचा जाड थर कातळावर बसला की तो वाळण्यापासून आणि घासण्यापासून खडकाला झाकतो. हातोडीने कालवे काढल्यावर ताजा खडक उघडा पडतो.

कडा वर्षाला किती मागे जातो?

खडकावर अवलंबून आहे आणि फरक हजारपटीचा पडतो. इंग्लंडच्या पूर्वेकडचा होल्डरनेसचा किनारा हिमयुगातल्या चिकणमातीचा आहे. तो वर्षाला सरासरी दोन मीटरच्या आसपास मागे जातो. घट्ट अग्निज खडकाची सरासरी मिलिमीटरांत मोजावी लागते. शिवाय "सरासरी" फसवी असते. पन्नास वर्षे काहीच हलत नाही आणि एका रात्री दोन मीटरचा ठोकळा पडतो. तापीकाठच्या गाळाच्या दरडी पाहिलेल्यांना हे लगेच पटेल. पूर भरात असताना दरड उभी असते आणि पूर ओसरताना धडाधड कोसळते, कारण आत भिजलेल्या मातीला बाहेरच्या पाण्याचा आधार राहत नाही.

आजचे मंच आणि खाचा किती जुन्या, हाही प्रश्न येतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती आणि किनारा बराच पश्चिमेला होता. पाणी आजच्या पातळीजवळ येऊन सहा-सात हजार वर्षे झाली. म्हणजे दगड साडेसहा कोटी वर्षांचा आणि त्यावरचे आजचे कोरीवकाम बहुतांशी काही हजार वर्षांचे. काही मंच त्याआधीच्या उंच समुद्रपातळीतून वारशानेही आलेले असू शकतात.

कातळावर कधी उतरायचे? ओहोटीची वेळ कशी काढायची?

कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब चालतो : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ४ × ¾ = ३, म्हणजे भरती पहाटे तीनच्या आणि दुपारी तीन-सव्वातीनच्या सुमारास. दोन्ही पक्षांत हिशेब तोच. भरतीनंतर सुमारे ६ तास १२ मिनिटांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. हा अंदाज आहे. खाडीत अर्धा-पाऊण तास फरक पडतो, म्हणून त्या ठिकाणचे छापील किंवा मोबाइलवरचे भरतीचे वेळापत्रक ताडून घ्या.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी सर्वांत खाली जाते, पण खोल ओहोटी सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. मुलांना घेऊन ते गैरसोयीचे. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, वेळ दुपारची पण कातळ कमी उघडतो. सहलीला तृतीया-चतुर्थी सर्वांत सोयीची. पाणी अजून बऱ्यापैकी खाली जाते आणि ओहोटी सकाळी साडेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते. ओहोटीच्या दोन तास आधी उतरा, ओहोटीनंतर तासाभरात वर या. मुंबईकडे उधाणाला पाण्याची चढउतार चार-पाच मीटर असते, दक्षिणेकडे कमी होत जाते. पाणी परतायला लागले की मंचाचे सखल भाग आधी भरतात, आणि पुढच्या कडेवर उभ्या असलेल्याची मागची वाट बंद होते. खानदेशातल्या माणसाला नदीचा पूर ओळखता येतो, पण तो एकाच बाजूने येतो. भरती पाठीमागून येते, हे मुलांना आधी सांगून ठेवा.

जून ते सप्टेंबर कातळावर उतरूच नये. इतर महिन्यांतही समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये. हिरवे शेवाळ दिसले तिथे पाय टाकू नये, काळपट कोरडा खडक निवडावा. चपला नकोत, पकड असलेले बंद बूट हवेत. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा भरतीला बंद असते. तिथल्या लोकांनी थांबा म्हटले की थांबायचे.

बरोबर काय न्यायचे आणि काय मोजायचे?

पाच मीटरची टेप, १० पट भिंग, पेन्सिल-वही, पातळ व्हिनेगरची छोटी बाटली आणि मोबाइल. हातोडी नको, फोडलेला दगड पुढच्या सहलीला मिळत नाही.

आधी भरतीची रेषा ठरवा. कातळावर काळपट शेवाळाचा पट्टा आणि त्याखाली पांढऱ्या कवचांचा पट्टा असतो, त्यांची सीमा मोजमापाचा शून्य म्हणून धरा. खाचेची उंची, खोली, जाळीदार खळग्यांचा पट्टा हे सगळे त्या शून्यापासून वर-खाली मोजा. मग दहा भेगांच्या दिशा नोंदवा आणि गल्ल्या-गुहांची दिशा त्यांच्याशी जुळते का पाहा. बहुतेक वेळा जुळते, आणि सगळा अहवाल त्या एका निरीक्षणावर उभा राहतो.

होकायंत्राबाबत एक काळजी : बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते. फोन दगडावर टेकवून दिशा घेतली तर काही अंश चुकते. कंबरेच्या उंचीवर धरा आणि दोन जागांवरून ताडून पाहा.

व्हिनेगरचा थेंब बेसाल्टवर शांत राहतो. बुडबुडे आले तर ते पोकळीतल्या कॅल्साइटचे किंवा शंख-शिंपल्यांच्या चुन्याने चिकटलेल्या करळाचे. करळ म्हणजे वाळू आणि शिंपले जोडून किनाऱ्यावरच तयार झालेला तरुण खडक. वाळूच्या रंगाचा असतो, काळ्या कातळाच्या अंगाला चिकटलेला आढळतो.

शाळेत करता येईल असा प्रयोग आहे का?

आहे, आणि त्याला खानदेशचा एप्रिल-मे कोकणापेक्षा चांगला. साधे मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की वाळतच नाही. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात ते दिवसभरात खडखडीत वाळते.

साध्या लाल विटेचे साधारण २०० ग्रॅमचे नऊ तुकडे घ्या. ब्रशने भुगा काढा, दोन दिवस उन्हात वाळवा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि तुकड्यांवर ऑइलपेंटने आकडे घाला. तीन तुकडे साध्या पाण्यात, तीन तुकडे एका लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात, तीन तुकडे एका लिटरला ३०० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात. रात्री बारा तास भिजवा, दिवसा प्रत्येक गटाला वेगळ्या ताटात उन्हात ठेवा. असे पंधरा वेळा करा. सोबत काळ्या खडीचा एक तुकडाही तिसऱ्या पाण्यात टाका. त्यात एवढ्या दिवसांत काही दिसणार नाही, आणि तेही वहीत लिहायचे.

हमखास होणारी चूक अशी की मधेच वजन केले तर ते वाढलेले दिसते आणि मुले प्रयोग फसला म्हणून सोडून देतात. वाढते ते आत साचलेले मीठ. शेवटी तुकडे तीन-चार दिवस साध्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, पूर्ण वाळवा आणि मगच अंतिम वजन घ्या. ताटात आणि भांड्यात पडलेला भुगा फडक्यातून गाळून, तसाच धुऊन वाळवून वेगळा तोला. भुगा आणि उरलेला तुकडा यांची बेरीज सुरुवातीच्या वजनाच्या जवळ आली पाहिजे. फार कमी भरली तर भुगा कुठेतरी सांडला, जास्त भरली तर मीठ अजून आत आहे.